वाट सांगणाऱ्या शालनताई

फोटो कसा आलाय, हे शालनताई कधी विचारायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "वाट कळली का?"

फोनवर त्यांचं एक पान होतं. नाव 'वस्तीची गाडी'. त्यावर त्या आपण फिरलेल्या गावांचे फोटो टाकायच्या आणि प्रत्येक फोटोखाली त्या गावाला जायची वाट लिहायच्या. कुठल्या स्टँडवरून गाडी सुटते, कुठं बदलावी लागते, उतरल्यावर देवळामागून चढायचं की ओढ्याकडून जायचं, चहा कुणाच्या घरी मिळतो. सुरुवात ठरलेली असायची: "या पावणं." बघणारा माणूस दारात उभा आहे आणि त्याला आत बोलवायचंय, अशा थाटात.

हिंडून फोटो काढणारे बरेच लोक जागेचं नाव लपवून ठेवतात, हे मला त्यांच्याबरोबर असतानाच कळलं. एका सकाळी रंकाळ्यावर कॅमेरे घेऊन आलेल्या पोरांपैकी एक जण त्यांना म्हणाला, "ताई, फोटो टाका, पण लोकेशन टाकत जाऊ नका. तुमची जागा दुसरा पळवंल."

"पळवायला ती काय देवळाबाहेरची चप्पल हाय?" शालनताई म्हणाल्या. "फोटो दाखवायचा आणि वाट सांगायची न्हाय, म्हणजे ताट वाढायचं आणि झाकून ठेवायचं. आमच्या घरात तसली पद्धत न्हाय."

त्यांच्या घरात त्या एकट्याच होत्या.

मी कोडोलीची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बीएड झाल्यावर कोल्हापुरात एका शाळेत तात्पुरती नोकरी मिळाली आणि मंगळवार पेठेत एका माडीवर खोली घेतली. शेजारच्या खोलीत शालनताई राहायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, केस कानाच्या खाली कापलेले, अंगावर कायम पंजाबी ड्रेस आणि त्यावर पुरुषी खिशांचं जाकीट. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आईवडिलांचा फोटो. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ पुण्याला होता, त्याचा फोन दिवाळीला यायचा.

आमची ओळख पासपोर्ट फोटोवरून झाली. कायम नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. त्यांनी मला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला न लावता नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"हनुवटी वर कर."

मी केली.

"एवढी न्हवं. भांडायला चाललीस का? घरी पास झाल्याचं सांगायला निघालीस, असं बघ."

तो फोटो मी आजही वापरते. त्याआधीच्या माझ्या सगळ्या फोटोंत मी खाली बघते आहे. शाळेच्या गटफोटोत, मावसबहिणीच्या लग्नात, सगळीकडं. कुणी कधी हनुवटी वर कर म्हणून सांगितलंच नव्हतं.

फिरायला लागायच्या आधी वीसेक वर्षं शालनताई एका फोटो लॅबमध्ये संगणकावर बसायच्या. नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवायची, सासऱ्याचं टक्कल जरा झाकायचं आणि जोडप्याच्या मागं काश्मीर लावायचं, हे काम. लॅब बंद झाली तेव्हा मालकांनी निरोप देताना एक वापरलेला कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला. "दुसऱ्यांच्या मागं मी लई डोंगर लावले," त्या म्हणायच्या. "आणि मी कुठला डोंगर बघितलेला? जोतिबाचा. तेवढाच." आमच्या भागातल्या बायका बोलतात तसं त्याही 'मी गेलतो, मी आलो' असंच बोलायच्या. पोटासाठी घरी बसून लग्नाचे अल्बम जुळवून द्यायच्या. बाकीचा वेळ फिरायच्या. कुणाची नोकरी नाही, कुणी पाठवणारं नाही, कुणी फोटो मागितलेले नाहीत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि त्यांचं फिरणं दुप्पट झालं.

फिरायची त्यांची रीत वेगळी होती. त्या वस्तीच्या गाडीनंच जायच्या. ही गाडी संध्याकाळी तालुक्याच्या गावातून निघते, रस्ता संपतो त्या शेवटच्या वाडीला पोचते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे माणसं घेऊन परत फिरते. शालनताई त्या गाडीनं जायच्या, कंडक्टर सांगेल त्या घरी झोपायच्या आणि गाडी सुटायच्या आत, उजाडता उजाडता फोटो काढायच्या. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. "ताई, झालं का? न्हाईतर ऱ्हावा उद्यापतोर."

गाडीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारायची, "एकट्याच?"

शालनताई खांद्यावरच्या पट्ट्यावर थाप मारायच्या. "कॅमेरा हाय की संगं."

बाई हसायची आणि सरकून जागा द्यायची. हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला वाटायचं, त्यांना खरोखर एकटं वाटत नसावं. मग शेजारी राहून हळूहळू दिसायला लागलं. त्या जेवायला बसताना दार उघडं ठेवायच्या. एक भाकरी जास्त करायच्या आणि सकाळी तीच चहाबरोबर खायच्या. पान बघणारे शे-दोनशे लोक होते, त्या प्रत्येकाला नावानं ओळखायच्या, आणि त्यातला एकही त्यांना कधी भेटलेला नव्हता. एकदा ताट पुढ्यात घेऊन म्हणाल्या, "नागपूरच्या पावण्यानं चार दिवस काय लिहिलं न्हाय. आजारी असंल का गं?"

असं असताना त्यांना हक्काचं एक घर होतं. चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत, अव्वांचं. अव्वा म्हणजे सत्तरीच्या शेतकरी बाई. तिकडं आईला, म्हाताऱ्या बाईला अव्वा म्हणतात. मुलगा बेळगावला कामाला, घरी त्या आणि सून. पहिल्या खेपेला कंडक्टरनं शालनताईंना त्यांच्या दारात सोडलं तेव्हा अव्वांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जेवलीस का विचारलं. आडनाव विचारलं नाही आणि थेट चुलीपाशी बसवलं. ही गोष्ट शालनताईंनी मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा 'चुलीपाशी' म्हणताना थोड्या थांबल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेपासून अव्वा त्यांना थोरली म्हणायला लागल्या. अव्वांना मुलगी नव्हती.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्या मलाही घेऊन गेल्या. गाडीतून उतरलो तर अव्वा दारातच होत्या.

"आलीस गं थोरली? ही कोण?"

"माझ्या शेजारची मास्तरीण."

"पाय धुवा आणि या. थोरले, आदी भात बघ. करपाय लागलाय."

शालनताई खांद्यावरचा कॅमेरा न उतरवता चुलीकडं गेल्या. मला अव्वांनी घोंगड्यावर बसवलं, "बसा पावणं." चहा झाल्यावर मी कप विसळायला उठले, तर अव्वांनी तो हातातून काढून घेतला. "पावण्यानं उष्टं उचलायचं न्हाय. आमच्यात चालत न्हाय ते." तोवर आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. शालनताई घासत होत्या, आणि अव्वा इथूनच त्यांच्यावर ओरडत होत्या, "राख कमी घे गं, हात काळं करून घेशील."

घराच्या मागं उतारावर ओढ्यात एक कोंड आहे. कोंड म्हणजे खडकातला डोह. बायकांच्या आंघोळी, धुणं तिथंच. वरच्या अंगाला झरा आहे, त्याचं पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी उजाडताना कोंडावर धुकं उठलं होतं आणि अव्वा घागर घेऊन खडकाच्या पायऱ्या उतरत होत्या. मागं शालनताई.

"माझा कसला फोटो काढतीस? तोंड तर धुऊ दे."

"पाठमोरा हाय, अव्वा."

"मग मी हाय हे कळायचं कसं?"

"मला कळतंय की."

हॉर्न वाजला, गाडी गेली, आम्ही एक दिवस जास्त राहिलो.

तो फोटो त्यांनी घरी आल्यावर पानावर टाकला. खाली नेहमीसारखी वाट लिहिली. कोल्हापूरहून चंदगड, तिथून संध्याकाळची वस्तीची गाडी, उतरल्यावर फणसाच्या झाडाकडून खाली. आणि शेवटी, ज्या उमाळ्यानं माणूस आपलं घर दाखवतो त्या उमाळ्यानं, लिहिलं: "अव्वांना सांगा, थोरलीनं पाठवलंय. चहा मिळंल."

कुणीतरी मोठ्या पानवाल्यानं तो फोटो उचलला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. शालनताईंचा फोन वाजायचा थांबेना. त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली आणि गल्लीत वाटली. कुणी विचारलं कशाची, तर म्हणायच्या, "आमच्या अव्वाचा फोटो लोकांनी बघितला." प्रत्येकाला उत्तर लिहायच्या. या की. नक्की या. जेवूनच जावा. मी त्यांना एवढं खुशीत कधी बघितलं नव्हतं, पुढंही बघितलं नाही.

लग्नसराई सुरू झाली आणि त्या अल्बमांच्या कामात अडकल्या, अव्वांकडं जाणं झालं नाही. पण लोक जात होते. त्यांनी काढलेले कोंडाचे फोटो दिसायचे. सुरुवातीला शालनताई मला बोलावून दाखवायच्या, "बघ, हे सोलापूरचे पावणे. पोचले." मग एका फोटोत खडकावर बाटल्या दिसल्या. एकात स्पीकर. त्यांनी खाली लिहिलं, "पावणं, कचरा टाकू नका. तिथनं बायका पाणी भरत्यात." त्यावर कुणीतरी हसणारी तोंडं टाकली.

पाऊस लागला. रोपलावण चालू असताना अव्वांच्या सुनेचा फोन आला. चिखलात अव्वांचा पाय कापला होता. भाताची रोपं लावताना पायात काही घालत नाहीत, आणि चिखलात काच दिसत नाही. कोंडावर फुटलेल्या बाटल्या ओढ्याच्या पाण्यानं खाली वाफ्यांत आल्या होत्या.

त्या रविवारी आम्ही दोघी गेलो. फणसाच्या झाडापासून घरापर्यंत गाड्या लागलेल्या. कधी न लागणारं दार लावलेलं. सुनेनं उघडलं. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय फडक्यात गुंडाळलेला.

"या पावणं. बसा."

शालनताईंना वाटलं, ते मला. त्या पुढं होऊन पायाशी बसल्या. "बघू दे, अव्वा."

"ऱ्हाऊ दे. पावण्यानं पाय बघायचा नसतोय." मग सुनेला म्हणाल्या, "पावण्यास्नी च्या ठेव. दोन कप."

शालनताईंचा हात तसाच राहिला.

अव्वा रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणाला तरी गावची खबर सांगावी तशा त्या सांगत होत्या. "शनवार-रविवार बायकांस्नी कोंडावर जाता येत न्हाय. आंघोळीला बसावं तर वर पोरं फोन धरून उभी. दार वाजवत्यात. थोरलीनं पाठवलंय म्हणत्यात. पयल्यांदा च्या दिला. मग नुसतं पाणी दिलं. मग दार लावाय लागलो." पायावरच्या फडक्याचं टोक आत खोचलं. "माझ्या तोंडातलं नाव हुतं ते. त्यांच्या तोंडात कशाला घातलासा?"

घातलासा. थोरलीला कुणी असं आदरानं बोलत नाही.

चहा आला. घोट घेऊन झाल्यावर त्या कप घेऊन मोरीकडं निघाल्या, सवयीनं. सुनेनं वाटेतच तो हातातून घेतला. "असू द्या," ती म्हणाली, आणि तिलाही ते बरं वाटलं नसावं, कारण ती वर बघत नव्हती. तेवढ्यात बाहेर कुणीतरी कडी वाजवली. आत आम्ही चौघी गप्प बसलो. पुन्हा वाजवली, मग पावलं उताराकडं गेली.

घरी आल्या आल्या त्यांनी तो फोटो काढून टाकला. काढून काय होणार? पन्नास ठिकाणी तो होता, खाली त्यांच्याच शब्दांत वाट, आणि ती शेवटची ओळही. त्या एकेकाला लिहीत बसल्या. कृपया काढा. एका बाईनं काढला. एकानं उलट विचारलं, "तुम्ही कोण?" यांनी लिहिलं, "फोटो मी काढलाय." त्यानं लिहिलं, "कशावरून?" फोटोवर आपलं नाव टाकायची सवय त्यांना कधीच नव्हती. लोक नाव टाकतात, यांनी वाट टाकली होती.

एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. पानावर नागपूरच्या पावण्यानं लिहिलं होतं, "ताई, बरेच दिवस झाले, या म्हणाला नाहीत." मी म्हटलं, उत्तर द्या की. त्यांनी फोन उपडा ठेवला. भाकरीचं ताट पुढं ओढलं. त्या दिवशी भाकरी नेमकी होती, आणि दार लोटलेलं.

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. चूक लोकांची आहे, बाटल्या त्यांनी फोडल्या, तुम्ही तर चांगल्या मनानं वाट सांगितली. शिकलेली माणसं बोलतात तसं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाटली फोडणाऱ्याचं नाव तरी ठावं हाय का अव्वाला?" त्या म्हणाल्या. "तिच्या ओळखीची मी एकटीच."

पुढं मला कुरुंदवाडच्या शाळेत कायम नोकरी लागली. निघताना त्यांनी माझा एक फोटो काढला. तेव्हा कॅमेरा अजून होता. हनुवटी वर कर म्हणावं लागलं नाही. "आता जमतंय की तुला," एवढंच म्हणाल्या.

मी अधूनमधून फोन करायचे. त्या माझ्या शाळेचं, घरच्यांचं विचारायच्या. पानाचा विषय काढायच्या नाहीत. मी पान उघडून बघायचे. नवीन काही नसायचं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते मे महिन्यात, कोल्हापूरच्या स्टँडवर. मी कोडोलीला निघाले होते. चंदगडच्या फलाटावर शालनताई उभ्या दिसल्या. तेच खिशांचं जाकीट. हातात लोखंडी चाळण, काखेत दोन गुंडाळलेली पोती, खिशातून रबरी हातमोजे बाहेर डोकावत होते. खांदा मोकळा होता.

"कॅमेरा?"

"दिला एका पोराला. शिकतोय." मग चाळण जरा वर करून म्हणाल्या, "पावसाच्या आदी काच वेचाय पायजे. एकदा चिखल झाला की काय दिसत न्हाय."

"अव्वा शेतात उतरू देतात?"

"छ्या. पावण्याला कोण शेतात उतरू देतंय?" त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या. "मी कोंडाच्या कडंनं वेचतो. तिथनंच खाली वाहून येतंय. ती जागा कुणाच्या मालकीची न्हाय, त्यामुळं मला कोण अडवत न्हाय. दर आठवड्याला जातो. लोक अजून येत्यातच. मी पोतं भरून आणतो, तवर त्यांनी नवं करून ठेवल्यालं असतंय."

मला विचारायचं होतं ते मी विचारलं. "अजून पावणंच म्हणतात?"

"म्हणत्यात की. या पावणं, बसा पावणं." गाडी फलाटाला लागली. लोक दाराकडं पळाले. शालनताई जागच्या हलल्या नाहीत. "मागच्या खेपंला च्या झाल्यावर कप मी सोता इसळला. इसळून पालथा घातला. अव्वा बघत हुत्या." चाळण दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "काय बोलल्या न्हाईत."

एवढं सांगताना त्यांचा चेहरा मी बघितला. त्या एका कपावर त्या जगत होत्या, असं मला वाटलं.

त्या चढल्या. खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी होते. शेजारी टोपली घेऊन एक बाई येऊन बसली, पदरानं मान पुसली आणि चाळणीकडं, पोत्यांकडं बघत तिनं विचारलं, "एकट्याच का?"

शालनताईंचा हात खांद्यावर गेला. पट्टा जिथं असायचा तिथं जरासा थांबला आणि खाली आला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "एकटीच."

मग त्यांनी पोती मांडीवर घेतली आणि त्या बाईच्या टोपलीसाठी सरकून जागा केली.